मागाचा खड्डा

शेवटची फळी खड्ड्यावर बसवून निंगव्वा कंबर धरून खालीच बसली. हातमाग घरातून गेला, पण काठावर बसून विणताना पाय चालवायचा त्याचा खड्डा पुढच्या खोलीत मधोमध आ वासून राहिला होता. महिनाभर त्याला वळसा घालून तिचे पाय दमले. आज तिने शेजारून फळ्या मागून आणल्या, वर जमखाना अंथरला, गोधड्या गुंडाळून भिंतीशी लोड लावले, कंदिलाची काच राखेने घासली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ह्या घरात चार माणसं ऐसपैस बसतील एवढी जागा झाली होती.

तिचा नवरा चनमल्लप्पा कोपऱ्यात गप्प बसून होता. गुडघे गेले तसा त्याने माग मंद्रूपच्या पुतण्याला देऊन टाकला, आणि मागाबरोबर म्हाताऱ्याचं बोलणंही गेलं. पूर्वी त्याचे जुने दोस्त चन्नवीर आणि सिद्धाराम रोज संध्याकाळी येऊन उंबऱ्यावर बसत, हा विणता विणता त्यांच्याशी बोले. आता तेही येईनासे झाले होते. असा मुका झालेला माणूस किती दिवस काढणार, ही एकच धास्ती निंगव्वाने घेतली होती. म्हणून आज तिनेच दोघांना बोलावणं धाडलं.

गिरणीचा भोंगा झाला तसे दोघं आले आणि दारातच थबकले.

"लगीन-बिगीन हाय का काय घरात?" सिद्धाराम म्हणाला. "सबंद सोलापुरात अशी बैठक न्हाय."

"आत बसा की," निंगव्वा म्हणाली. "उंबऱ्यावर बसून जल्म गेला तुमचा."

ते बसले, पण सोयरिकीला आल्यासारखे, लोडाला पाठ न लावता. तिने चहा दिला, भाजलेल्या शेंगा ठेवल्या. चन्नवीरने गुडघ्यांची चौकशी केली. चनमल्लप्पा "बरं हाय" म्हणाला. सिद्धारामने पुतण्याचं विचारलं. त्यालाही "बरं हाय" मिळालं. मग नुसता शेंगा फोडल्याचा आवाज. जमखाना खराब होऊ नये म्हणून दोघांनी टरफलं मुठीत धरली होती. निंगव्वाच्या मनात आलं, दिवसभर मर मर मेली ती ह्याच्यासाठी?

"येतो मग," म्हणत चन्नवीर उठला.

"थांब जरा."

चनमल्लप्पा सरकत पुढे आला. त्याने जमखान्याचं टोक उलटलं, एक फळी काढली, दुसरी काढली, आणि काठावर बसून दोन्ही पाय खड्ड्यात सोडले. खालचा गारवा पायांना लागला तसा त्याने मोठा श्वास टाकला.

"चन्नवीर, त्या तुझ्या व्याह्याचं काय झालं रं? म्हशीवरनं भांडत हुता त्यो."

चहाची कपबशी उचलून चन्नवीर उंबऱ्यावर जाऊन बसला. मुठीतली टरफलं त्याने रस्त्यावर फेकली. सिद्धारामही उठून त्याच्या शेजारी टेकला.

"आरं, लई मोठी गोष्ट हाय ती," चन्नवीर म्हणाला. "म्हस ऱ्हायली बाजूला."

"एवढ्या फळ्या वढल्या मी," निंगव्वा म्हणाली. कुणी ऐकलं नाही. काढलेल्या फळ्या तिने भिंतीशी उभ्या केल्या आणि मोकळ्या पडलेल्या लोडाला स्वतःच पाठ टेकली.

खड्ड्यात म्हाताऱ्याचे पाय चालू झाले होते, एक वर, एक खाली.