गिअरची गाडी

दातांच्या डॉक्टरने पिकअपचं बॉनेट उघडलं आणि मिस्त्री आत न वाकताच म्हणाले, "धुतलंय."

"हो काका, तुम्ही बघायला येणार म्हणून..."

"तेच म्हणतोय. इंजिन कोण धुतं? ज्याला गळणारं तेल लपवायचं असतं, तो."

मिस्त्रींची मुलगी डॉक्टरकडे बघून ओशाळं हसली. बापलेक मिळून होड्या दुरुस्त करत. होडी ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर गाडीला जोडायचा आणि धक्क्याचा उतार चढून ती कारखान्यात आणायची. शिवाय रोजचं जाणं-येणं, सामानसुमान, सगळं त्याच गाडीत. म्हणून फार धूड नको, फार चिमुकली नको, अशी मधल्या आकाराची पिकअप हवी होती. आणि गिअरचीच हवी, हा मुलीचा हट्ट. वजन ओढताना गिअर आपल्या हातात पाहिजे, असं ती म्हणायची. वाक्य मूळचं मिस्त्रींचंच. लेकीच्या तोंडून ते ऐकलं की त्यांची छाती फुगायची.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा पाय जरा मागे राहिला होता. आता तो सुधारला, असं त्यांचं म्हणणं. मागच्या महिन्यात मुलीची जुनी, बिनक्लचची ऑटोमॅटिक मागे घेताना धक्क्यावरचा खांब आडवा आला, पण त्यात पायाचा काय संबंध? नवी गाडी आली की पूर्वीसारखं रोज सकाळी आपण स्वतः ती काढायची आणि धक्क्यावर जायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. अंथरुणावरून ते उठले तेच मुळी या एका आशेवर.

काठी टेकत त्यांनी गाडीला फेरी मारली. मागचा हुक बोटाने चाचपला.

"हा घासलाय. काय काय ओढलंत?"

"रविवारी माझी छोटी होडी. तेवढंच."

"तेवढंच!" मिस्त्री मुलीच्या कानाशी बोलले, पण डॉक्टरला नीट ऐकू जाईल असं. "दाखवायचे दात वेगळे. धंदाच तो यांचा."

डॉक्टरला घाबरलेल्या पेशंटांची सवय होती. तो हसून बाजूला सरकला.

"आता क्लच बघतो," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, मी बघते ना."

"क्लच मी बघणार."

ही परीक्षा ते कधीच दुसऱ्यावर सोपवत नसत. इंजिन चालू ठेवायचं, हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. क्लच धडधाकट असेल तर इंजिन जागच्या जागी बंद पडतं. घरघरत राहिलं, तर गाडीने जन्मभर ओझी ओढलीत असं खुशाल समजावं.

ते कसेबसे चढून बसले. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. हँडब्रेक ओढून त्यांनी गिअरला हात घातला.

करर्र.

"ऐकलंत?" मिस्त्रींचा चेहरा उजळला. "गिअरबॉक्स गेलाय! मला आल्या आल्याच वास लागला होता."

डॉक्टरचा चेहरा पडला. "असं कधीच झालं नाही हो. क्लच पूर्ण दाबलात का?"

"मला शिकवता?"

त्यांनी उजव्या हाताने स्वतःचा डावा गुडघा खाली दाबला आणि पुन्हा गिअर टाकला. पुन्हा तेच, करर्र.

मुलीने दार उघडलं. "बाबा, उतरा."

ती बसली. तिने क्लच दाबला, तिसरा गिअर टाकला. जरासुद्धा आवाज झाला नाही. मग तिने पाय उचलला. गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. गाडी बावनकशी होती.

डॉक्टरने सुटकेचा श्वास सोडला आणि तो बॉनेट लावायला पुढे गेला. मिस्त्री काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. इतका वेळ पोसलेल्या संशयाचं आता करायचं काय, हे त्यांना कळेना. मग तो आपोआपच दुसरीकडे वळला.

"मागे बघितलेली ती पांढरी ऑटोमॅटिक तू नको म्हणालीस. रंग आवडला नाही म्हणून."

"हो."

"तिच्या आधीची, तीही ऑटोमॅटिक, आत वास येतो म्हणून."

"येत होता."

"दिवसभर होड्यांना डांबर फासतेस तू. तुला वास कधीपासून यायला लागला?"

मुलीचे हात स्टिअरिंगवरच होते. तिने वर बघितलं नाही.

"धक्क्यावरचा खांब अजून वाकडा आहे, बाबा."

"तो खांब मुळातच चुकीच्या जागी..."

"जाळी शिवणाऱ्या मावशी रोज त्याला टेकून बसतात. त्या दिवशी नेमक्या उठून पाणी प्यायला गेल्या होत्या." तिचा आवाज फाटला. "तुमच्याकडून किल्ली काढून घ्यायची हिंमत नव्हती माझ्यात. म्हणून गिअरची."

मिस्त्रींना राग आला. आला तसा तो विरूनही गेला, कारण त्या मावशींना ते लहानपणापासून ओळखत होते.

डॉक्टर हात पुसत परत आला. "काय काका, काही खोट वाटली का?"

"गाडीत नाही," मिस्त्री म्हणाले.

आणि पुढून वळसा घालून ते शेजारच्या दाराशी गेले. दार त्यांनी स्वतःच उघडलं, काठी आत टाकली, बसले.

"चल. चालवून दाखव. उतारावर घे."

मुलीने डोळे पुसले आणि गाडी काढली. सरळ रस्ता संपला. मग उतार आला. तिने क्लच दाबून गिअर खाली आणला. शेजारी, जिथे पेडल नव्हतंच, तिथे मिस्त्रींचा डावा पायही चटईवर दाबला गेला. अर्धाच.