पंख्याखालचा मोर

शिपाईकाकांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला आणि ऋजुता आपली रांगोळी सोडून ताडकन उठली. पंख्याखालीच शेजारच्या मुलीच्या रांगोळीतला मोर पिसारा फुलवून उभा होता.

संस्कृत संमेलनातल्या रांगोळी स्पर्धेचा नियम कडक: स्पर्धक मराठीत बोलला की बाद. ऋजुताचं हे स्पर्धेतलं शेवटचं वर्ष. तिला नेमका संस्कृत शब्दच आठवेना. तिने वर बोट दाखवून जोरजोरात हात हलवले.

"उकडतंय ना? लावतो हं."

"काका, पंखा नको!" ती किंचाळली.

मोर वाचला. परीक्षकांनी ऋजुताच्या नावावर फुली मारली. तिने रंगाच्या पुड्या आवरायला घेतल्या.

शेजारच्या मुलीची चिमूट हवेतच थांबली. सलग दोन वर्षं पहिली आलेली ती उठली आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "सर, माझ्याही नावावर फुली मारा."