सिव्हिल मॅटर

कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली वादी आणि प्रतिवादी एकाच डब्यातून जेवत होते, आणि नवशिक्या वकील वैजूचं डोकं चालेना. सुलाबाई तिची अशील. वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला म्हणून सख्ख्या भावाने तिला माहेर बंद केलं होतं. आणि तोच भाऊ आता डब्याच्या झाकणात तिला ठेचा वाढत होता!

“सिव्हिल मॅटर आहे, पोरी,” वैजूचे सिनियर हसून म्हणाले. “मूळ लॅटिन शब्द नागरिकाचा. पुढे त्याला सभ्य असाही अर्थ चिकटला. डोकी न फोडता भांडायचं, ते सिव्हिल.”

एवढं वैजूलाही कॉलेजात शिकवलं होतं. त्यात ठेचा नव्हता.

दुपारी निकाल लागला. अर्धी जमीन सुलाबाईची. वैजू अभिनंदन करायला वळली, तर बाईंचे डोळे भरलेले.

“जिंकलात की हो, मावशी!”

“मग पुढली तारीख नाही?”

“नाही. संपला दावा.”

सुलाबाईने पदर तोंडाला लावला. गावात भावकीच्या डोळ्यांदेखत भाऊ तिला ओळखही देत नसे. बारा वर्षांत दोघांचं जे काही बोलणं झालं, ते तारखेच्या दिवशी, ह्या लिंबाखाली. वैजूला कळेना, आपण हिला नक्की काय मिळवून दिलं.

तेवढ्यात भाऊ रिकामा डबा घेऊन आला. समोरच्या पार्टीच्या वकिलाशी बोलावं की नाही, अशा घोटाळ्यात क्षणभर घुटमळला. मग बहिणीकडे न बघता त्याने विचारलं,

“मॅडम, अपील केलं तर आणखी किती वर्षं जातात?”