बुडालेल्याचा नातू

“जोबात्ता गारावेंता. जन्म अठराशे एकाहत्तर.” पाद्रीबाबांनी चर्चच्या जाड वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हाच ना तुझा आजोबा?”

नेल्सननं मान डोलावली. फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी बोद्रातो टाळी वाजवून उठलेच. “सुटलो! रविवारी हा पठ्ठ्या इटालियन म्हणून उतरणार!”

क्लबमधल्या परदेशी खेळाडूंच्या जागा भरल्या होत्या. दक्षिण अमेरिकेतल्या मोन्तेव्हिदेओहून आणलेल्या या बचावपटूला खेळवायचं, तर त्याचं मूळ इथलंच आहे असा कागद हवा होता. नेल्सन तिशीला टेकला होता. उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. कागद मिळाला नाही तर पुढच्या बोटीनं परत, आणि मग असा करार पुन्हा कोण देणार?

पाद्रीबाबांचं बोट मात्र समासात अडकलं होतं. ते हळू आवाजात वाचू लागले, “अठराशे शहाण्णव. अमेरिकेत नदीत बोट उलटून मृत्यू. पत्नी कातेरिना हिच्या सांगण्यावरून नोंद.”



“माझे बाबा एकोणीसशे चारचे,” नेल्सन म्हणाला. “आणि माझ्या आजीचं नाव दोलोरेस होतं.”

“म्हणजे बुडालेल्या माणसाला आठ वर्षांनी पोर झालं?” बोद्रातोंनी कपाळावर हात मारला. “फादर, असला कागद दाखवला तर फेडरेशनवाले हसून मरतील! खोडा ती ओळ.”

“मला नाही खोडता येत. जिनं लिहवली, तिनंच सही करून खोडायला हवी.” पाद्रीबाबांनी वही मिटली. “कातेरिना आहे अजून. चढावरच्या शेवटच्या घरात. एकुलता मुलगा पहिल्या लढाईत गेला. सत्तावन्न वर्षं अंगावर शोकाचे काळे कपडे आहेत बिचारीच्या.”

नेल्सनला कुणीतरी छातीत ढोपर मारावं तसं झालं. आजोबांनी त्याला बोटाला धरून पहिल्यांदा मैदानावर नेलं होतं. कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. त्या माणसानं इथं बायको आणि तान्हं मूल टाकून दिलं होतं? आणि ही बाई आयुष्यभर त्याच्यासाठी शोक करत राहिली?

“माझ्यानं नाही होणार,” तो म्हणाला. “काय सांगू तिला? तुमचा नवरा बुडाला नव्हता, तिकडे मजेत संसार करत होता?”

“तू काही सांगू नकोस. तू फक्त उभा राहा,” बोद्रातो म्हणाले. “सही घ्यायची आणि खाली यायचं.”

म्हातारी अंगणात चेस्टनट सोलत बसली होती. पाद्रीबाबांनी शेजारी बसून, शब्द जपत, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि नेल्सनकडे बघत होती. ना रडली, ना ओरडली.

“कधी गेला?” तिनं विचारलं.

“बेचाळीस साली. झोपेतच,” नेल्सन म्हणाला.

“हं.” तिनं हात एप्रनला पुसले, टाक मागून घेतला आणि ती ओळ खोडायच्या अर्जावर वेड्यावाकड्या अक्षरांत नाव लिहिलं. बोद्रातो कागदावर फुंकर घालत, पाद्रीबाबांना घेऊन लगबगीनं उतरलेसुद्धा.

नेल्सन मागेच थांबला. धिप्पाड फॉरवर्ड अंगावर आले तरी तसूभर न सरणारा तो गडी म्हातारीसमोर गुडघ्यांवर बसला.

“आजी, त्यांनी तुम्हाला फसवलं. ते तर गेले. त्यांच्या वतीनं मी माफी मागतो.”

म्हातारीनं चाकू खाली ठेवला.

“त्यानं फसवलं असं कोण म्हणालं तुला?”

नेल्सननं मान वर केली.

“तिकिटं धाडली होती त्यानं. माझं आणि पोराचं. दर महिन्याला पत्र यायचं, ये म्हणून. मला जायचं नव्हतं रे. आईला सोडून, हा डोंगर सोडून, एवढ्या पाण्यापलीकडे! पण तो ऐकेना. मग एक दिवस शहरात गेले आणि शेजारणीच्या नावानं त्याला पत्र लिहवून धाडलं. पत्रं यायची बंद झाली, तसं गाव विचारायला लागलं. म्हणून त्याला इथं बुडवला.”

“पत्रात काय होतं?” नेल्सननं विचारलं.

म्हातारी त्याच्या चेहऱ्यावरून नजर न काढता म्हणाली,

“‘कातेरिना आणि पोर, दोघंही तापानं गेले. आता तुम्ही तिकडेच संसार मांडा.’”