माळावरचा झेंडा

२०१९ सालच्या मे महिन्यात सास्तूरच्या माळावर मेंढ्या राखणाऱ्या नागूबाईनं मला टिटवीची अंडी नुसत्या नजरेनं दाखवली. “बोट दावू नका, बाई, नासतात.” मी हसले. माझ्याकडे पक्षी पाहायला येणाऱ्या पुण्याच्या पक्षिमित्रांना ती सापडावीत म्हणून शेजारच्या झुडपाला माझ्या नातीची लाल फीत बांधली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही बाराजण तिथं तासभर फोटो काढत बसलो. टिटवी अंड्यांवर सावली धरायला येई, आम्हाला पाहून ओरडत परते. संध्याकाळी नागूबाईनं अंडी हातात घेतली. “पिल्लं आतच शिजली. आमी बोटबी दावत न्हाय, तुमी तर झेंडाच लावला!” मी मान खाली घालून फीत सोडवली. एका पाहुण्यानं काढलेला त्या टिटवीचा फोटो पुढं कॅलेंडरवर आला. नागूबाई भेटली की चहा पाजते, पक्ष्यांविषयी बोलत नाही. मी अजूनही लोकांना पक्षी दाखवते; घरटं विचारलं, की “ठाऊक नाही” म्हणते.