बुवांचा अभंग आणि चढणीची फियाट

पालखीमागे बुवांची जुनी फियाट देवळाच्या चढणीला लागली आणि जनू मेस्त्रीने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याने नव्याने बांधलेल्या इंजिनाची आज परीक्षा होती.

पाय थकल्यापासून कीर्तनकार बुवा गाडीत बसूनच गात येत. गावाची रीत अशी, की त्यांचा अभंग संपेपर्यंत चढणीवर पालखी नाचवायची. पण दरवर्षी गाडी तापून बंद पडे आणि अभंग अर्धाच राही. म्हणून यंदा जनूने मोठा कार्बोरेटर बसवून इंजिनात जोर भरला, तर सरावाला गाडी सुसाट सुटली. "अरे, देवाला मागे टाकतोस होय रे?" बुवा हसले होते. मग त्याने तो उतरवून बेताचा बसवला, इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर मात्र दांडगा ठेवला.

आता पालखी दोन पावलं पुढे, एक मागे नाचत होती. गाडी तिच्यामागे थबकत, सरकत होती. ना तापली, ना गचकली. बुवांचा सूर चढत गेला. शेवटचं कडवं झालं, तरी त्यांनी धृपद पुन्हा उचललं.

पालखीवाले घामाघूम गडी वळून ओरडले, "बुवा, आवरा आता! गाडी दमत नाही, आम्ही दमलो!"