वरच्या खोलीतलं नेट

"वायर ओढू नका, काका," विनिता मॅडम म्हणाल्या. "तपासायला टेस्टर आहे."

उशीर झाला होता. वायरच्या टोकाला बसवलेला प्लास्टिकचा जॅक इग्नेशियस लोपीस यांच्या मुठीत आला होता. विहिरीचा दोर असो की पानवेलीच्या मांडवाची गाठ, ओढून बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

"परत करा. आठही तारा, रंगांच्या क्रमाने."

ही पाचवी खेप. शेजारच्या टेबलावरच्या जेनिफरचं काम दुसऱ्याच खेपेला झालं होतं आणि ती आता मोबाइल बघत बसली होती. इग्नेशियसनी चष्मा पुसला आणि नवीन वायर सोलायला घेतली.

गोखिवऱ्याला एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर हा नेटवर्किंगचा वर्ग चालायचा. तीन महिने, आठवड्यातून तीन दुपारी. फळ्यावर कमी आणि हाताने जास्त. बारा जणांपैकी अकरा विशीतले. बारावे इग्नेशियस, वय एकसष्ट, आगाशीहून बस बदलत येणारे.

पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांचा फॉर्म बराच वेळ हातात धरला होता.

"तुम्हाला हे कशासाठी शिकायचंय?"

"घरातली वरची खोली पाच वरसं बंद आहे. तिथे नेट पोचत नाय. राहनाऱ्यांना कॉम्प्युटरचं काम असतं."

"वायरमन बोलवा. एका दिवसात करून देईल."

"दुसऱ्या कोनी केलेलं नको. मला माझ्या हातानं करायचंय."

"नेट नाही म्हणून राहणारे येत नाहीत, असं ते म्हणाले का?"

इग्नेशियसनी मान खाली घातली. "नाय. पन आल्यावर त्यांची गैरसोय नको."

"प्रॅक्टिकल जमलं नाही तर सर्टिफिकेट मिळणार नाही. वय बघून मी सूट देत नाही."

"मागनार पन नाय."

मॅडम तशा हसतमुख. पोरांच्या चुका थट्टेवारी न्यायच्या. काकांशी मात्र कामापुरतं बोलायच्या. एकदा इग्नेशियसनी बायकोने दिलेला डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो न उघडताच परत केला.

"काका, इथे लाच चालत नाही," जेनिफर म्हणाली. इग्नेशियसही हसले, पण त्या दिवशी त्यांनी तो डबा खाल्ला नाही. बसमध्ये मांडीवर धरून घरी नेला.

दुसऱ्या महिन्यात दोन कॉम्प्युटर जोडायचे होते. प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता द्यायचा, मग एकाने दुसऱ्याला हाक मारायची. काकांचे कॉम्प्युटर काही केल्या बोलेनात. मॅडमनी येऊन बघितलं, तर दोघांनाही एकच पत्ता.

"असं का केलंत?"

"एकाच घरातले ना? मग पत्ता एकच असनार."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"एका घरात असले तरी दोघांना वेगळं मानावं लागतं, काका. नाहीतर दोघंही बंद पडतात. परत करा."

इग्नेशियसना राग आला, पण स्वतःचाच. आयुष्यभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवत आलेला माणूस, त्याला आता साधे चार आकडे जमेनात. त्यांनी ते पुसले आणि परत भरले.

घरी सालोमी वाट बघत असायची. आज काय शिकलात, हे ती कधीच विचारत नसे.

"मॅडम काय बोलली?"

"परत करा म्हनाली."

"अजून?"

"अजून काय बोलनार?"

मग दोघं कामाला लागत. त्यांनी जिन्याच्या बाजूने पट्टी ठोकली, भिंतीला भोक पाडलं, हॉलमधून वरपर्यंत वायर नेली. सालोमीने शिडी धरली आणि धूळ डोळ्यांत गेली म्हणून नवऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. वरच्या खोलीत तिने नवीन पडदे लावले. इग्नेशियस जेवणाच्या टेबलावर बसून जॅकवर जॅक बसवत राहिले. बोटांना चिरा पडल्या. साठाव्या जॅकनंतर हात चुकेनासे झाले.

परीक्षेला प्रत्येकाच्या टेबलावर एक बिघडवलेलं नेटवर्क होतं. मॅडमनी मुद्दाम चार दोष घालून ठेवले होते. वेळ चाळीस मिनिटं. इग्नेशियसनी चुकीचा पत्ता पकडला. राउटरचं सेटिंग सुधारलं. स्विचमधली सैल वायर नीट बसवली. चौथा दोष सापडेना. पोरं एकेक करून उठली. जेनिफर दारात थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

पाच मिनिटं उरली. इग्नेशियसनी सगळ्या वायरी काढल्या आणि एकेक जॅक उजेडात धरला. तिसऱ्यात हिरवी तार निळीच्या जागी होती. त्यांनी टोक छाटलं, आठ तारा लावल्या, जॅक दाबला. वायर ओढून बघितली नाही.

पडद्यावर उत्तराच्या ओळी एकापाठोपाठ एक येऊ लागल्या.

"झालं!" जेनिफर ओरडली आणि टाळ्या वाजवत निघून गेली.

खोलीत दोघंच उरले. मॅडमनी सर्टिफिकेटवर सही केली आणि कागद पुढे सरकवला. इग्नेशियसनी तो उचलला नाही.

"वरच्या खोलीत नेट सुरू झालं. काल तपासलं."

"बरं."

"आता कोनी राहायला आलं, तर बरं होईल. सालोमी रोज विचारते." ते थांबले. "मी पन विचारतो. चूक माझी होती."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"तुमचा रायन पुढच्या महिन्यात बोटीवरून सुट्टीला येतोय, तेव्हा ठरवू," त्या म्हणाल्या. "पण आधी तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला या, पप्पा. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत तुम्ही नाही."